चोळीबांगडीचं वावर

दिगंबरचा मुडदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत होता, खालचा बर्फ वितळून रस्त्यावर गळत होता आणि गावाच्या वेशीत माझा मुलगा बालाजी हात आडवे करून उभा होता. दिगंबर माझा दीर, बालाजीचा सख्खा चुलता. त्याच्याच खांद्यावर बसून बालाजीनं लहानपणी कंधारचा किल्ला पाहिला होता.

वैशाखातली दुपार. दिगंबर नांदेडच्या दवाखान्यात वारला होता. काही वर्षांपासून तो येशूच्या प्रार्थनेला जायचा. मला जाळू नका, मातीत ठेवा, एवढं सांगून गेला. त्याची बायको रुक्मिण ट्रॉलीत त्याच्या उशाला बसलेली. माझा नवरा आधीच गेलेला, म्हणून घरातली मोठी मीच.

सरपंच म्हणाले, "जाळायचा आसंल तर आणा. पुरायचा आसंल तर माघारी न्या."

"माघारी कुठं नेऊ? हितंच जन्मले की ते," रुक्मिण म्हणाली.

"त्यांच्या देशात न्या," बालाजीसोबतच्या पोरांतला एक बोलला. "हा देश आपल्या देवाचा हाय. त्यांचे देश येगळे हायत. अमेरिका-बिमेरिका."

मी बालाजीकडं बघितलं. त्याचा व्हिसा आला होता, बॅगा बांधून तयार होत्या.

"अन् तू पुढच्या महिन्यात कुठं चाललास रे? काशीला?"

दोघं-तिघं हसले. बालाजीचे कान लाल झाले. हात काही खाली आले नाहीत.

खरं सांगायचं तर दिगंबरचा येशू मला कधी पटला नाही. पोळ्याला बैलापुढं नारळ फोडायचं त्यानं सोडलं तेव्हा मी त्याला चारचौघांत शिव्या दिल्या होत्या. त्याच्या प्रार्थनेच्या मंडळींनाही बजावलं होतं, गाणी म्हणा, पण माझ्या देवघराकडं बोट केलं तर बोट मोडीन. पण भांडण जित्या माणसाशी असतं. मेलेल्याला उन्हात ठेवून कोणता देव मोठा होतो, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझं माहेर शिवेपलीकडचं. लग्नात बापानं शिवेला लागून असलेला एक तुकडा मला चोळीबांगडीला दिला होता. आमच्याकडं अशा वावरावर नवऱ्याचा, सासऱ्याचा, कुणाचाच शब्द चालत नाही. पिकेल ते लेकीचं. देताना बाप म्हणाला होता, "लोकाच्या दारात मान खाली घालायची पाळी आली तर हितं येऊन बसायचं." एवढी वर्षं तशी पाळी आली नव्हती.

मी ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "वळव. वेशीतून जायचंच न्हाई आपल्याला. माझ्या वावरात चल."

"वैनी, गावाचा इचार घ्या," सरपंच म्हणाले.

"वावर गावाचं न्हाई. माझ्या सासूनं कधी त्यातली शेंग मला इचारल्याबिगर तोडली न्हाई. तुम्ही कोण?"

ट्रॅक्टर वळला. पोरं मागून चालत आली आणि बांधावर उभी राहिली. काहींच्या हातात काठ्या होत्या. खणायला कुणी पुढं येईना. मी कुदळ उचलली, पण वैशाखातली काळी जमीन दगडासारखी झालेली असते. तेवढ्यात शेजारच्या वावरातून शिवलिंगप्पा आला. लिंगायत म्हातारा, स्वतःची कुदळ खांद्यावर.

"आमच्यात बसवून पुरतात, ह्यांच्यात निजवून," तो म्हणाला. "खड्डा किती लांब पायजे, तेवढं सांगा."

मग बांधाकडं वळला. "आमचे मुडदे ह्याच मातीत हायत. कुणाला उकरायचे आसतील तर माझ्या बापापासून सुरू करा."

दिगंबरला मातीत निजवलं तोवर कुणी बांध ओलांडला नाही. बालाजीनंही नाही, मूठभर माती टाकायलाही नाही. पुढच्या महिन्यात तो अमेरिकेला गेला. जाताना पाया पडला. मी म्हणाले, पोचलास की फोन कर.

त्या हंगामात माझ्याकडं मजूर येईनात. गिरणीवाला रुक्मिणचं दळण घेईना. माझं घेत होता. मी तिची ज्वारी माझ्या डब्यात मिसळून नेली तर त्यानं सगळाच डबा परत केला. मग घराला कुलूप लावलं, वावर शिवलिंगप्पाला बटईनं दिलं आणि दोघी लातूरच्या बसमध्ये बसलो. रुक्मिण मागं बघत होती. मी बघितलं नाही. मागं काय आहे ते मला माहीत होतं.

लातूरला बाहेरगावची पोरं डॉक्टर व्हायला क्लास लावतात. गेली कितीतरी वर्षं आम्ही त्यांचे डबे करतो. डबे भरून झाले की रुक्मिण डोळे मिटते.

"पोरं उपाशी हायत, आमेन लवकर म्हण."

"तुमची आरती तरी कुठं लवकर उरकती, आक्का?"

शहरात कुणी धर्म विचारत नाही असं मी म्हणणार नाही. खोलीवाल्यानं पहिल्याच दिवशी विचारला. पण नळाला पाणी आलं की सगळ्यांना घाई असते, तेव्हा कुणाची बादली कुठल्या देवाची हे बघायला कुणी थांबत नाही.

परवा बालाजीचा व्हिडिओ कॉल आला. आवाज चढलेला. त्याच्या तिकडच्या गावात आपल्या लोकांनी मंदिरासाठी जमीन घेतली. त्यावर सभा झाली. एक माणूस उठून म्हणाला, हा देश ख्रिस्ती लोकांनी उभारलाय, तुम्ही पाहुणे आहात, पाहुण्यासारखं राहा.

नात, बालाजीची तिकडंच जन्मलेली पोर, मध्येच तोंड घालून बोलली. तिच्या शाळेत ह्याच विषयावर वाद झाला होता. "आजी, देश उभारणारे बहुतेक ख्रिस्ती होते, हे खोटं नाही. पण सरकारनं कुणाच्या देवाच्या मध्ये पडायचं नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय."

पोरीनं खरं ते खरं म्हटलं, मला बरं वाटलं. मी बालाजीला विचारलं, "मग तू काय म्हणलास सभेत?"

"म्हणलं, जमीन आमची आहे. आमच्या जमिनीत काय करायचं ते गावानं सांगायचं नाही."

"हे तू आधी ऐकलंयस. कुठं, ते आठवतंय का?"

त्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "आई, ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? मला चौथीपर्यंतच शाळा, सावकाश सांग."

मागं रुक्मिण पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

मी म्हणाले, "तुमचं मंदिर होऊ दे. मी तुझ्याच बाजूनं हाय. पण रुक्मिण गेली की तिला दिगंबरच्या शेजारी ठेवायचंय. तवर मी आसंन, नसंन. तू यायचं. अन् वेशीतच उभं राह्यचं, पण ट्रॉलीच्या बाजूनं."

"काकू ऐकतायत का?"

"ऐकायलीय."

"येतो," तो म्हणाला. फोनवर सगळेच येतात. आला की बघू.

गावात राहिलेल्यांनो आणि लांब गेलेल्यांनो, माझं घर कुठं असं विचाराल तर कुलूप लावलेल्या घराचं नाव मी घेणार नाही. जिथं जायला मला वेस ओलांडावी लागत नाही तो तुकडा माझं घर. मला लातुरात जाळलं तरी चालेल. रुक्मिणला तिथं पोचवायचं राहिलंय.

त्या दिवशी तिथं होते त्यांतले सरपंच गेले. शिवलिंगप्पा गेला, त्याला त्याच्या वावरात बसवलंय, माझ्या बांधाला लागून. रुक्मिण आहे. बालाजी आहे. मी आहे.