लोडबाईंचे हरवलेले दोन व्होल्ट

टेबलावर सुट्या पडलेल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या कार्डाचे रीडिंग लोडबाईंनी कधीही खरे मानले नाही. मीटरवर दहा व्होल्ट दिसले की बाकीचे लोक कार्ड पॅक करायला घेत, तेव्हा बाई विचारीत, "आणि लोडवर, म्हणजे काम करताना?" मग ज्या यंत्रावर ते बसायचे ते जोडून पुन्हा मोजत. भोसरीतल्या आमच्या कारखान्याने त्यांना हे नाव चेष्टेने दिले. बाईंनी ते आपल्या स्टीलच्या डब्यावर कोरून घेतले.

परवा त्यांच्या शोकसभेत खरेदी विभागाचे माजी साहेब म्हणाले की, बाई हुशार होत्या. पण चाकणच्या ऑर्डरमध्ये रेझिस्टर निवडताना चुकल्या आणि चूक मान्य न करता निघून गेल्या. हे धादांत खोटे आहे. वायरिंगचा सुपरवायझर म्हणून मी तेथे उभा होतो.

बाई फार गोड होत्या, असेही कोणी म्हणाले. तेही खोटे. त्यांचा मीटर न विचारता उचलला म्हणून त्यांनी मला तीन शिकाऊ पोरींसमोर झापले होते, आणि दुपारी तळेगावहून आणलेली मेथीची भाजी माझ्या ताटात वाढली होती.

आता चाकणचे. कार्डावर रेझिस्टर पायऱ्यांसारखे जोडून केलेली शिडी होती. संगणकाचे आकडे तिच्यातून व्होल्टेज होऊन बाहेर पडत आणि त्यावर मोटरचा वेग ठरे. मोटर चालवणारा ड्राइव्ह खरेदीवाल्या साहेबांनी बाईंना न सांगता बदलला. नवा ड्राइव्ह शिडीतून जास्त करंट ओढू लागला, त्यामुळे काही व्होल्टेज शिडीतच खर्ची पडू लागले. दहाचे आठ झाले.

आमचे चिखलीचे फोरमन म्हणाले, "बाई, कार्डावरचा प्रीसेटचा स्क्रू फिरवा की. आठाचे धा व्हतील, गाडी भरंल, आमीबी घरी जाऊ."

"आणि उद्या साहेबांनी पुन्हा ड्राइव्ह बदलला तर? लोड हलका झाला की मोटर मर्यादेबाहेर पळेल. तिथे माणूस उभा असतो, फोरमन."

फोरमननी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. शेजारी उभे असलेले साहेब मात्र हटले नाहीत. मी निवडलेले रेझिस्टर सदोष होते असे लिहून सही करा, म्हणाले; म्हणजे दोष त्यांच्या टेबलावरून बाईंच्या टेबलावर सरकत होता. बाईंनी सर्वांसमोर एकेक टप्पा मोजून दाखवला. दहाचे आठ, पाचचे चार, अडीचचे दोन. रेझिस्टर खराब असते तर टप्पे वेडेवाकडे पडले असते. येथे सगळे एकाच प्रमाणात उतरले होते. शिडी निर्दोष होती. मध्ये एक बफर टाका, तो शिडीकडून जवळजवळ काहीच घेणार नाही आणि ड्राइव्हचा भार स्वतः उचलेल, एवढाच त्यांचा उपाय होता. त्याला आठवडा लागला असता. साहेबांना गाडी त्याच संध्याकाळी हवी होती.

बाईंनी सही केली नाही. राजीनामा दिला. त्यांना कोणी काढले नाही, त्या पळाल्याही नाहीत. पुढच्या खेपेपासून प्रत्येक कार्डावर बफर बसू लागला, हे शोकसभेत कोणालाच आठवले नाही.

म्हणून मी उठलो आणि हे सगळे साहेबांच्या तोंडावर सांगितले. अध्यक्षांनी हात जोडले. "काका, बसा आता. गेलेल्या माणसावरून वाद कशाला?"

मी म्हणालो, "त्या असत्या तर मला उठावे लागले नसते."

आणि साहेबांच्या उत्तरासाठी मी सभा संपेपर्यंत उभाच राहिलो.