बारा वाजताची वीस मिनिटं

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना होता आणि तिथे इस्त्रीच्या रोलरवर मावशी सव्वीस वर्षं काम करत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. वरच्या मजल्यावरच्या नर्सपासून मुकादमापर्यंत सगळ्यांना त्या मावशीच. ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, झटकायची, तापलेल्या रोलरखाली सरकवायची. पलीकडे भाऊ उभा. तो कोरडी होऊन आलेली चादर ओढून घडी घालायचा. मशीनच्या घरघरीने भाऊचा एक कान कामातून गेला होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता, त्यामुळे दोघांचं बोलणं बहुतेक हातवाऱ्यांवर चाले. दिवसाला सातशे-आठशे चादरी. घरी जाताना मावशींचे पाय त्यांच्या मागून यायचे.

एका मंगळवारी चादर सरकवता सरकवता त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चादर पुढे गेली आणि तिच्याबरोबर मावशीही वाकत गेल्या. चादर वेडीवाकडी येतेय हे भाऊने पाहिलं आणि लाल बटणावर हात मारला. मावशींच्या मनगटाला चटका बसला, तेवढ्यावर निभावलं.

इस्पितळातच असल्यामुळे तपासण्या लगेच झाल्या. नळी घालून पोटही पाहिलं. जखम नाही, गाठ नाही; पित्त वाढलेलं आणि रक्त कमी. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "वेळेवर जेवत जा." मावशी मनगटावरची पट्टी सावरत "हो" म्हणाल्या. डॉक्टर स्वतःच दुपारी चारला जेवतात हे त्यांना ठाऊक होतं.

छातीतली जळजळ जुनीच होती. गोळी घेतली की दबायची, संपली की पुन्हा हजर. शेवटी धाकटी, म्हणजे त्यांची पोस्टात कारकून असलेली मुलगी, त्यांना जवळजवळ ओढतच एका वैद्यबाईंकडे घेऊन गेली.

वैद्यबाई साठीच्या. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, वजनकाटा आणि बरण्यांचं कपाट. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, डॉक्टरांचे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

"वात, पित्त, कफ हे शब्द ऐकलेत?"

"ऐकलेत. कळलेले नाहीत."

"सोपं आहे. शरीर हलतं-चालतं ते वाताने. तापवायचं, पचवायचं काम पित्ताचं. धरून ठेवायचं, ओलावा द्यायचा, हे कफाचं. एका घरातली तीन माणसं समजा. तिघंही हवीत. पण एकाने आवाज चढवला की बाकीच्या दोघांचं काही चालत नाही. तुमच्या घरात सध्या पित्त ओरडतंय."

"पण मी तिखट खात नाही, तळलेलं खात नाही," मावशी म्हणाल्या.

"दिवसभर असता कुठे?"

"वाफेत."

वैद्यबाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे बाहेरून तापताय. आणि पोटातल्या अग्नीला वेळेवर काही मिळत नसेल, तर तो रिकाम्या पोटालाच जाळणार. काय खाता?"

"जे असेल ते."

"हे उत्तर मला चालत नाही. आठ दिवस एका वहीत लिहा. काय खाल्लं, किती वाजता, बसून की उभ्याने. काही बदलू नका आणि काही लपवू नका. औषध त्यानंतर."

मावशींना वाटलं, बाई गिऱ्हाईक कसं टिकवतात! पण वही लिहिली. आठव्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून धाकटीने ती चाळली. 'पहाटे पाच, चहा, उभ्याने. साडेदहा, चहा, दोन बिस्किटं, उभ्याने. साडेतीन, सकाळचा भात, गार, गठ्ठ्यावर टेकून. आठ, उरलेलं.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बिस्किटं नव्हती.

"आई, हे उरलेलं म्हणजे काय?"

"तुमची जेवणं झाली की पातेल्यात राहतं ते."

"आणि नाही राहिलं तर?"

"पाव असतो की."

धाकटीने वही मिटून ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आणि उगीचच ओटा पुसायला लागली.

वैद्यबाईंनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "नीट ऐका, अगदी पहिल्या इयत्तेचं सांगते. आधीचं पचलं, भूक लागली, की खायचं. ऊन ऊन खायचं. पोटाचा अर्धा भाग अन्नाला, पाव पाण्याला आणि पाव मोकळा. घाईने गिळायचं नाही आणि कंटाळत चिवडायचंही नाही. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट अशा सहाही चवी जेवणात याव्यात. तुम्ही सध्या आंबट आणि तिखट जरा मागे ठेवा. दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा पोटातला अग्नीही जोरात असतो, म्हणून मोठं जेवण तेव्हा. पण हे सगळं एकदम जमणार नाही. आज एकच घेऊन जा. बारा वाजता बसून जेवायचं."

"चहा सोडा म्हणा, सोडते," मावशी म्हणाल्या. "भात सोडा म्हणा, तोही सोडते. बारा वाजता बसा तेवढं म्हणू नका."

"तेच म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी मावशी मुकादमासमोर उभ्या राहिल्या. माणूस वाईट नव्हता. वरून दट्ट्या आला की तो खाली पोचवायचा, एवढंच.

"बाराला वीस मिनिटं हवीत. जेवायला."

"मावशी, जेवणाची सुट्टी साडेतीनला. दोन वाजता वॉर्डात चादरी पोचल्या नाहीत तर माझे बारा वाजतील."

"माझे वाजलेलेच आहेत."

मुकादम हसला, पण मान त्याने आडवीच हलवली. मावशींमध्ये वाद घालायचं त्राण नव्हतं. त्या परत रोलरवर गेल्या आणि भाऊला खुणेने सांगितलं: घड्याळ, घास, नाही.

पुढच्या दिवशी बरोबर बारा वाजता भाऊने लाल बटण दाबलं. रोलर थांबला. एकदा थांबला की पुन्हा तापायला त्याला वीस मिनिटं लागत, हे तळघरात सगळ्यांना माहीत होतं. भाऊने मावशींना डब्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तो सकाळपासून वाफेच्या नळावर ठेवला होता. आतला डाळभात चटका बसेल इतका गरम होता. मुकादम धावत आला आणि भाऊच्या तोंडासमोर ओरडायला लागला. भाऊने कानाला हात लावला, मान हलवली आणि आपलाही डबा उघडला.

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मुकादम हात जोडून म्हणाला, "मशीन बंद करू नका रे बाबांनो, दुसऱ्या दोघींना उभं करतो. पण तेवढं काम सकाळी भरून द्या." म्हणजे सातऐवजी साडेसहाला हजर. मावशींची पहाट अर्ध्या तासाने आणखी अलीकडे आली. त्यांनी कबूल केलं.

घरी धाकटीने संध्याकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला आणि पहिलं ताट आईचं वाढायला सुरुवात केली. मावशींचे यजमान निवृत्त बसड्रायव्हर होते, गुडघ्याने अधू. दोन दिवस त्यांनी पाहिलं, तिसऱ्या दिवशी कुरकुरले, "मग आता आम्ही काय उरलेलं खायचं?"

"खाऊन बघा," मावशी शांतपणे म्हणाल्या. "काही होत नाही. मी सव्वीस वर्षं खाल्लंय."

दुसऱ्या दिवशी मात्र यजमान गुडघा धरत उठले आणि पातेल्यात भाजी किती आहे ते आधी झाकण काढून पाहून मग सगळ्यांना पुरेल एवढीच स्वतःला वाढून घेतली.

तीन महिन्यांनी मावशी वैद्यबाईंना सांगायला गेल्या. जळजळ जवळपास गेली होती. अंधारी पुन्हा आली नव्हती. वजन दोन किलोंनी वाढलं होतं.

"पण थकवा आहे तसाच आहे, बाई. त्याला काय खायचं?"

वैद्यबाईंनी त्यांचे हात उलटेसुलटे करून पाहिले. सव्वीस वर्षांच्या वाफेने बोटांची कातडी पांढरी, मऊ पडली होती.

"तो पोटाचा नाही, कामाचा आहे. त्याचं औषध माझ्या कपाटात नाही. रजा किती शिल्लक आहे?"

"कधी मोजलीच नाही."

भरपूर होती. मुकादमाने रजिस्टर पाहून स्वतःच डोक्याला हात लावला. मावशी आठ दिवसांसाठी थोरल्या बहिणीकडे गेल्या. ताईने पहिल्या दिवशी गप्पांची तयारी करून ठेवली होती. मावशी दोन दिवस नुसत्या झोपल्या. दुपारी उठून जेवायच्या आणि पुन्हा आडव्या व्हायच्या. ताई घाबरली, म्हणाली, "अगं, बरं आहे ना तुला?"

"बरं आहे, ताई. झोप येतेय."

ताईने खिडकी लावून घेतली.

नवव्या दिवशी साडेसहाला मावशी तळघरात हजर होत्या. भाऊने दोन्ही हात वर करून त्यांचं स्वागत केलं आणि पहिली चादर आली. थकवा गेला नव्हता. फक्त आता तो दुपार उलटल्यावर यायचा. आधी तो सकाळी त्यांच्याबरोबरच उठत असे.