गाणाऱ्या मास्तरांची तिसरी इयत्ता

चार गाणारे एकत्र आले की गाण्याच्या गप्पा होतात, असा लोकांचा समज आहे. तो साफ खोटा आहे. रागाबद्दल दोन वाक्यं बोलून होतात, कुणा बुजुर्गाचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावून होतो, आणि मग जे सुरू होतं ते, "अगं, तुला ती गंमत सांगितली का?" त्यातून शाळेत गाणं शिकवणारी मंडळी असतील तर विचारूच नका. गवयाची फजिती व्हायला मैफल जमावी लागते. आमची रोज होते, आणि तीही घंटा वाजवून!

माझ्याकडचा अशा गोष्टींचा सगळ्यात मोठा साठा एका मे महिन्यात नाशकात जमला. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. शाळेत मुलांना गाणं शिकवावं असं वरच्यांनी ठरवलं होतं, पण शिकवणारी माणसं कुठून आणायची हे काही ठरवलं नव्हतं. मग ज्याचा गळा बरा, ज्याच्या घरी पेटी, किंवा ज्याला साहेबापुढे 'नाही' म्हणता येत नाही, तो त्या शाळेचा गाण्याचा मास्तर झाला. अशा सगळ्यांना सुट्टीत गोळा करून एक उन्हाळी वर्ग भरवला. मी मुलींच्या शाळेतली, म्हणून मीही त्यात होते.

वर्गाचे प्रमुख गद्रे मास्तर. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि मे महिन्यातसुद्धा त्याचं एक बटण उघडं नाही. पेटी शिकवायला गफूरमियाँ होते. गावात त्यांचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि जिल्ह्यातल्या शाळांच्या झाडून सगळ्या पेट्या त्यांच्याच हाताखालून जायच्या.

०

पहिल्या दिवशी गद्रे मास्तरांनी नमस्कार वगैरे उरकला आणि म्हणाले, सगळ्यांनी 'सा' लावा.

सगळ्यांनी लावला. देवळात भजन करणाऱ्याने तिथला लावला, कीर्तनकाराच्या मागे उभं राहणाऱ्याने कीर्तनातला लावला, नाटकाची हौस असलेल्याने थेट शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू जाईल असा लावला. एकाचा सा दुसऱ्याच्या 'सा'ला ओळख देईना. बरं, सगळेच मास्तर! चूक आपली असेल ही शंका एकालाही शिवली नाही. जो तो शेजाऱ्याकडे वळून त्याला शिकवायला लागला.

गद्रे मास्तर टेबलावर छडी आपटून दमले. तेव्हा गफूरमियाँनी पेटीचा भाता ओढला, एकच पट्टी दाबून धरली आणि शांतपणे म्हणाले, "हा नाशिकचा सा. तुमचे सा तुमच्या गावी सुखात राहू द्या."

०

खरी मजा पाठांची होती. प्रत्येकाने मुलांना एक गाणं शिकवून दाखवायचं असा नियम होता. पण सुट्टीत मुलं कुठून आणणार? गद्रे मास्तरांनी तोड काढली. एकाने मास्तर व्हायचं आणि उरलेल्यांनी तिसरीतली मुलं.

मी पुष्कळ नाटकं पाहिली आहेत, पण त्या तिसरीच्या वर्गाइतकं जिवंत काम कुठे पाहिलं नाही. मिशीला पीळ देणारे, घरी नातवंडं असलेले गृहस्थ करंगळी वर करून उभे राहायचे. कुणी शेजाऱ्याला चिमटे काढायचा. एक हेडमास्तर होते, ते तर रोज पाटी हरवली म्हणून रडायचे. जन्मभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून तुंबलेलं सगळं त्यांनी त्या महिन्यात मोकळं करून घेतलं.

वणीच्या एका तरुण मास्तरांनी आपल्या पाठात दिंडोरीच्या थोराड गुरुजींना बडबड केली म्हणून बाकावर उभं केलं. गुरुजी निमूट उभे राहिले. बाक करकरत होता, पण ते तास संपेपर्यंत उतरले नाहीत. आम्हाला त्यांच्या सोशिकपणाचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पाठ होता. ते फळ्यापुढे आले, सावकाश उपरणं सारखं केलं आणि पाठाची पहिलीच सूचना दिली, "काल ज्याने मला बाकावर उभं केलं, तो मुलगा पुढे ये."

०

बायका आम्ही दोघीच, मी आणि माझी मैत्रीण अंबू. आम्हाला दाराजवळ वेगळा बाक दिला होता. गद्रे मास्तर फार सज्जन, इतके की परक्या बाईकडे मान वर करून बघायचे नाहीत. आमचा सूर चुकला की ते खिडकीकडे तोंड करून म्हणायचे, "त्या बाजूचा निषाद जरा चढवा." महिनाभर आम्हाला नावच नव्हतं. आम्ही 'ती बाजू' होतो.

एक दिवस अंबूला ताप आला म्हणून मी एकटीच गेले. मास्तरांनी हजेरी घेतली, थोडं घुटमळले, आणि खिडकीला विचारलं, "ती बाजू आज अर्धीच आली आहे का?"

चिडायला हवं होतं, पण त्या माणसाचा रागच यायचा नाही. अंबूला बरं वाटेपर्यंत ते रोज त्या खिडकीपाशी तिची चौकशी करत होते.

०

शाळेच्या मागच्या अंगाला तांबटांची घरं होती. सकाळी आमचा वर्ग सुरू झाला की तिकडे हंड्यावर हातोडे सुरू. गद्रे मास्तर त्रासले. त्यांनी निरोप धाडला की गाण्याचा वर्ग आहे, थोडं थांबाल का. तिकडून उत्तर आलं, हंडा लग्नाचा आहे, मुहूर्त थांबत असेल तर आम्ही थांबतो.

मग काय करणार? हातोड्यांवरच गायला लागलो. हळूहळू ताल जमला. दोन ठोके जवळ, एक लांब, त्यात मास्तरांनी स्वतः रचलेलं चिमणीच्या अंघोळीचं गाणं असं काही बसलं की तबलजीला काम उरलं नाही.

आणि एके सकाळी तांबटांकडे काहीतरी कार्य निघालं. सगळीकडे शांत. आमची चिमणी दुसऱ्याच ओळीत पाण्यात पडली! कुणी पुढे, कुणी मागे, तबलजी तर कधीच हरवलेला. मास्तरांनी गाणं थांबवलं. दुपारी उन्हाचे ते स्वतः तांबटांच्या दारात उभे राहिलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. ते अदबीने विचारत होते, "उद्या ठोकणार आहात ना?"

०

आता भिका गुरुजी. यांच्याविषयी बोलताना माझी जीभ आपोआप मऊ होते.

सटाण्याकडच्या एका खेड्यात त्यांची शाळा. शाळेत मास्तर एकच, म्हणजे हेच. गावातल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याने शाळेला पेटी दिली होती. गुरुजी नुसते सूर धरायचे आणि मुलं भोवती बसून गायची, एवढंच त्या शाळेतलं गाणं. साहेब तपासणीला आले आणि सांगून गेले की या वर्गात पास होणारा मास्तर जिथे असेल तिथे पेटी राहील. गुरुजी नापास झाले तर ती शेजारच्या गावच्या शाळेत जाईल.

गुरुजींची बोटं पेटीवर बरी चालायची. गळ्याची मात्र गंमत होती. पेटीने सा दिला की गुरुजींचा सा त्याच्या किंचित खाली लागायचा. आज जितका खाली तितकाच उद्या. आरोह करा, अवरोह करा, ते अंतर काही सुटायचं नाही. गद्रे मास्तरांनी त्यांना रोज वर्ग सुटल्यावर बसवून पाहिलं, पण फरक पडला नाही. गफूरमियाँ म्हणायचे, "गुरुजी बेसूर नाहीत. ते सुराच्या शेजारी राहतात."

पाठांमध्ये त्यांचा भाव एकदम वधारला. त्याचं असं झालं, गद्रे मास्तरांचं म्हणणं, प्रत्येक वर्गात एक बेसूर मूल असतंच, त्याला कसं सांभाळता ते दाखवा. आम्ही बाकीच्यांनी बेसूर व्हायचा जिवापाड प्रयत्न केला. होईना! वाईट गायला लागलो तरी तिसऱ्या शब्दाला सूर आपला जागेवर. मग प्रत्येक जण आदल्या दिवशी भिका गुरुजींना गाठायचा, "गुरुजी, उद्या माझ्या वर्गात बसा हं." तेही बिचारे हसत बसायचे.

एकदा मधल्या सुट्टीत रांजणापाशी ते एकटेच उभे होते. मी म्हटलं, गुरुजी, परीक्षेची काळजी करू नका. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि आपल्या अहिराणीत म्हणाले,

"मना गळा असाच शे, बाई. मना काय? पण पेटी गयी ते पोरे रडतीन."



०

परीक्षेला पुण्याहून एक साहेब आले. गाण्यातलं कळणारे आहेत असं कानावर आलं. गुरुजींना टाळून आम्ही सगळे लिंबाखाली जमलो आणि ठरवलं, गुरुजी काय वाटेल ते गाऊ देत, आपण पेटीचा सूर सोडायचा नाही. वर्ग सुरात गातोय म्हटल्यावर मास्तराने शिकवलं असंच होईल ना! बेत सगळ्यांना पसंत पडला. गफूरमियाँ बाजूला बसून पान लावत होते, ते हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत.

गुरुजींची पाळी आली. पेटी गफूरमियाँची स्वतःची होती. तिच्या एकेक सुरावर त्यांनी वर्षानुवर्षं कान घासला होता. दुकानात येणाऱ्या शाळांना ते तीच वाजवून दाखवायचे, की बघा, पेटी अशी बोलली पाहिजे. गुरुजींनी तिला नमस्कार केला, सा धरला, आणि चिमणीच्या अंघोळीची पहिली ओळ म्हटली. नेहमीसारखीच, किंचित खाली.

"म्हणा आता," ते आम्हाला म्हणाले.

आम्ही म्हटली. आणि काय सांगू, आख्खा वर्ग गुरुजींच्या सुरात गेला! पेटी एकीकडे आणि आम्ही सगळे, झाडून सगळे, तिच्या किंचित खाली. जन्मभर समोरच्याच्या तोंडातून निघालेला सूर जसाच्या तसा उचलायची कानाला सवय. तो बेत वगैरे काही कानाला माहीत नव्हता. अंबूने माझ्या दंडाला चिमटा काढला, पण तीही तिथेच गात होती.

साहेबांनी हात वर केला. पुन्हा म्हणा म्हणाले. आम्ही जीव तोडून पेटीकडे कान लावला, गुरुजींनी ओळ दिली, आणि आम्ही पुन्हा तिथेच. एवढी माणसं, पण एकाचा सूर दुसऱ्यापासून केसभर हलेल तर शपथ.

गुरुजींना कळलं होतं. भाता मात्र ते ओढत राहिले होते.

साहेब उठून पेटीजवळ आले. त्यांनी सा दाबून पाहिला. आमच्याकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं.

"सगळा वर्ग एका सुरात आहे," ते म्हणाले, "आणि पेटी दुसऱ्या. एक कोणीतरी चुकतंय. ही पेटी कोणाची?"

गद्रे मास्तर खिडकीकडे बघायला लागले. जिल्हाभरच्या शाळांचे मास्तर तिथे बसले होते आणि त्यातला एकूण एक गफूरमियाँचं गिऱ्हाईक होता.

गफूरमियाँ भिंतीपासून उठून पुढे आले. टोपी सारखी केली.

"पेटी माझी आहे, साहेब. उन्हाने चढली आहे. मास्तरांचा सूर कायम आहे."

साहेबांनी पुन्हा एकदा ती पट्टी दाबली, डोळे मिटून तो सूर विझेपर्यंत ऐकला, आणि गुरुजींकडे वळून म्हणाले, "मास्तर पास. पेटी नापास."