दुसऱ्या कंपायलरची लायब्ररी

१९९३च्या फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी अकरा वाजता, परभणीतल्या एका खाजगी शिक्षणसंस्थेच्या संगणक केंद्रात पेडगावच्या एका शेतातल्या मातीसाठी हेक्टरी वजा चारशे बारा किलो युरियाची शिफारस छापून निघाली. तो कागद संस्थेच्या तीन संचालकांनी पाहिला. प्रोग्राम ज्याने बनवला होता तो प्रिंटरशेजारी उभा होता.

केंद्रात तो आणि मी, असे दोघे तात्पुरते प्रोग्रामर होतो. तो रोज पिंगळीहून रेल्वेने यायचा. मी शहरातच राहायचो. कायम पद एकच मंजूर झालं होतं. माती परीक्षणाचा प्रोग्राम चालला तर ते त्याला द्यायचं, असं केंद्रप्रमुखांनी संचालकांसमोर कबूल केलं होतं. केंद्रप्रमुखांना आम्ही सर म्हणायचो.

खताचं गणित सरांनी पूर्वीच सी भाषेत लिहून ठेवलं होतं. मूळ फाइल ते कुणाला दाखवत नसत. केंद्राची रीतच तशी होती. मूळ फाइल लोखंडी कपाटात, हाताखालच्या माणसाला फक्त कंपाइल केलेली, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवलेली, लायब्ररी. ती वापरता येते, वाचता येत नाही. सरांनी ती त्यांच्या जुन्या कंपायलरवर, म्हणजे हे भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामवर, बनवली होती, आणि त्या कंपायलरच्या फ्लॉप्याही त्याच कपाटात होत्या. केंद्राने नंतर दुसऱ्या कंपनीचा कंपायलर घेतला. आम्हाला तोच मिळाला होता.

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी त्याने लायब्ररी आपल्या प्रोग्रामला जोडायला घेतली. दोन्ही जोडणारा लिंकर मेमरीतली एक जागा नाव घेऊन मागत होता. आमच्या कंपायलरमध्ये ती नव्हती. त्याने त्या नावाची रिकामी जागा स्वतःच्या प्रोग्राममध्ये करून दिली. लिंकरची तक्रार थांबली. शुक्रवारी आकडे आले. ते दर वेळी वेगळे होते आणि सगळे चूक होते.

त्याने सरांकडे मूळ फाइल मागितली, आमच्या कंपायलरवर एकदा कंपाइल करून घेण्यापुरती.

“लायब्ररी दिली ना?” सर म्हणाले. “आता घास चावून बी मीच देऊ का?”

“तसं न्हाई सर. तुमचं गणित बरोबरच हाय. उत्तर आमच्यापर्यंत येईना झालंय.”

“पिंगळीपर्यंत यायला वेळ लागत असंल.”

टायपिस्ट हसला. पिंगळीवाला माझ्या टेबलापाशी आला आणि त्याने कारण काय असेल ते विचारलं.

मला कारण माहीत होतं. सरांचा कंपायलर अपूर्णांकातलं उत्तर मेमरीतल्या त्या ठरलेल्या जागी ठेवतो. आमचा कंपायलर ते गणिती चिपच्या रकान्यातून उचलतो. म्हणजे बरोबर उत्तर त्याने बनवलेल्या रिकाम्या जागेत येऊन पडत होतं आणि त्याचा प्रोग्राम भलतीकडेच शोधत होता. त्या जागेतून आकडा वाचणारी एक ओळ पुरेशी होती. मी ती महिन्यापूर्वी करून पाहिली होती.

“मेमरी मॉडेल बदलून बघ,” मी म्हणालो.

“तेच असंल म्हणतोस?”

“दुसरं काय असणार?”

मेमरी मॉडेल म्हणजे प्रोग्रामला मेमरी वाटून देण्याची पद्धत; तिचा याच्याशी काही संबंध नव्हता. त्याने शनिवारभर प्रोग्राम पुन्हा पुन्हा कंपाइल केला. आधी निदान आकडे तरी येत होते, आता यंत्र अडकायला लागलं. रविवारी तो सुट्टी असून आला आणि सगळं पहिल्यासारखं करून ठेवलं. जाताना मला म्हणाला, “तू सांगितलंस, लय बरं केलंस. सर तर उभं बी करीनात.”

सोमवारी दहा वाजता त्याने सरांना सांगितलं की आकडे चूक आहेत, चार दिवस द्या.

“संचालक आलेत,” सर म्हणाले. “त्यांनाच दाखव. चूक हाय ते तुझ्याच तोंडानं सांग.”

कागद निघाल्यावर पहिल्या संचालकांनी तो दोनदा वाचला. त्यांची स्वतःची मोठी शेती होती. “वजा चारशे? म्हंजे रानातून उकरून दुकानात वापस नेऊन द्यायचा का?”

दुसऱ्यांनी विचारलं, “शिकलास कुठं रं?”

त्याने कॉलेजचं नाव सांगितलं.

“तिथं वजाबाकीच शिकवतेत वाटतं.”

सगळे हसले. मीही हसलो. त्याने दोन कंपायलरमधला फरक सांगायला सुरुवात केली, तेव्हा सर म्हणाले, “यंत्राच्या माथी मारू नको.” त्यांनी संचालकांच्या हातातला कागद घेतला आणि दाराजवळच्या सूचनाफलकावर टाचणीने लावला. कागद तीन दिवस तिथे होता. त्याला रोज त्याच दारातून आत यावं लागत होतं.

गुरुवारी मी तोच प्रोग्राम चालवून सरांना दाखवला. पेडगावच्या मातीचा आकडा बरोबर आला.

“कधी सापडलं?” सरांनी विचारलं.

“काल,” मी म्हणालो.

तो माझ्या मागे उभा राहून पडद्यावर वाचत होता. मी घातलेल्या ओळीपाशी आल्यावर त्याने विचारलं, “हे तुला शुक्रवारी म्हाईत होतं?”

सर म्हणाले, “जा, आपलं काम कर.”

पुढच्या सोमवारी कायम पदाचा आदेश माझ्या नावाने निघाला. हजेरीपटावर त्याची शेवटची सही त्याआधीच्या शनिवारची आहे. येण्याची वेळ नऊ पन्नास.