वल्ह्याचा धक्का

गंगापूर धरणावर आम्ही नवरा-बायको रविवारी सकाळी कयाक चालवायला जायचो. दोघांच्या दोन वेगळ्या. तिथे एक पद्धत आहे. वारा सुटला की दोन कयाक एकमेकींना लावायच्या, शेजारच्या बोटीची कड धरायची आणि वल्ही दोन्हींवर आडवी टाकायची. मग वाऱ्याने कितीही थयथयाट केला तरी बोट सहसा उलटत नाही. हे मला नवऱ्यानेच शिकवलं. "काहीही झालं तरी माझी कड धर," हे तर इतक्यांदा ऐकवलं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

त्याच भरवशावर मालवणला आम्ही समुद्रात उतरलो. धरणावर शिकलेली माणसं आम्ही. समुद्र म्हणजे जरा मोठं, खारट धरण, असा आमचा थाट. खडकांच्या पलीकडे जाऊ नका, असं कयाक भाड्याने देणाऱ्याने बजावलं होतं. आम्ही ते कानाआड केलं.

पलीकडे गेलो आणि माझ्या डावीकडे पाण्यातून करडा, त्रिकोणी पर वर आला. मग आणखी एक. खाली पाहिलं तर माझ्या निम्म्या बोटीएवढा शार्क अगदी निवांतपणे बोटीखालून चालला होता. माझी बोबडीच वळली. कशीबशी नवऱ्याजवळ गेले आणि हात लांब करून त्याच्या बोटीची कड धरली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. वल्ह्याचं पातं माझ्या बोटीला टेकवलं आणि जोर लावून मला दूर ढकललं. मी पुन्हा त्या परांच्या बाजूला गेले आणि तो किनाऱ्याकडे सुटला. एकदाही मागे वळला नाही.

मी रडत, त्याला शिव्या घालत परतले. शार्कनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "मोरी ती. माणसाक काय करूची नाय," कयाकवाला हसला. त्या दिवशी नवऱ्याने जेवायला मोरीचंच, म्हणजे त्याच शार्कचं, कालवण मागवलं आणि बोटं चाटून खाल्लं. मी नुसता भात चिवडला. फार लागलं होतं मला. घाबरलेल्या माणसाला आपण काय करतो याचं भान नसतं, असं मी स्वतःला समजावत राहिले. तेवढ्यावरच त्याच्या शेजारी बसून नाशिकला आले.

पुढच्याच आठवड्यात नाशिकरोडला नणंदेकडे जेवायला गेलो. तिथे याचं सुरू झालं. "शार्क बघून ही पार गारठली होती. मीच हिची बोट किनाऱ्याकडे ढकलली, म्हटलं, तू निघ, मी बघतो यांच्याकडे!"

"नशीबवान आहेस हं वहिनी," नणंद म्हणाली.

"हो ना. वल्ह्याने ढकललं यांनी. हात लावायलासुद्धा थांबले नाहीत," मी म्हणाले.

सगळे खो खो हसले. तो हसला नाही. ताटाकडे बघत, मान वर न करता, भातात आमटी कालवत राहिला. म्हणजे त्याला सगळं आठवत होतं; तेव्हाही भान होतंच.