रडायला सवड
आमच्या दारातलं पायपुसणं हल्ली पाय पुसायला कमी आणि चेहरा बदलायला जास्त लागतं. बाबा गेले त्याच आठवड्यात माझ्या बहिणीला मुलगा झाला. भेटायला लोटलेल्या अख्ख्या तालुक्याला हसत आत यावं की रडत, हेच कळेना. शेजारचे नाना तर पायपुसण्यावर इतका वेळ अडकले, की त्यांना तिथेच दोनदा चहा द्यावा लागला. शेवटी डोळे टिपत त्यांनी विचारलं, "नाक कोणावर गेलंय रे?"

या गर्दीत माझ्या आईला रडायला सवड मिळेना. ती बाबांच्या फोटोपुढे बसली, की आत बाळ असा टाहो फोडायचं, की गावाबाहेरच्या म्हशींनी दावी तोडावीत. आई लगेच उठायची. "रडेन रे निवांत. आधी याला बघू दे."

निवांत! सुखाला आणि दुःखाला एकाच दारातून, एकाच वेळी घुसायची एवढी कसली घाई होती? जरा मागेपुढे आले असते, तर दोघांचाही नीट पाहुणचार झाला असता. आता धड कोणाचाच होत नाही, आणि राग काढायचा तरी कोणावर?

काल दुपारी नाना पुन्हा आले. आई बाळाला घेऊन आतल्या खोलीत होती. बाळ रडरड रडलं आणि गप्प झालं. हुंदके मात्र थांबेनात.

नानांनी कान टवकारले. "अजून रडतंय होय?"

मी खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

"फार रडकं आहे हो," मी म्हणालो. "बसा, चहा टाकतो."