एतेल्विनाचा पाट

आमच्या पेन्याओंदा गावात एतेल्विनाशी गोड बोलणारा माणूस सापडणार नाही, कारण तेवढी उसंत ती कुणाला देतच नाही. ती माझी वहिनी. माझ्या भावाला पुरलं त्या दिवशी पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं, तेव्हा सगळ्यांदेखत ती म्हणाली, "आटपा आता. आज पाण्याची पाळी आमची आहे." लोकांनी कानांत बोटं घातली. मी नाही घातली. भाऊ जिवंत असता तर त्यानेही घड्याळ पाहिलं असतं.

ते पाणी पाटाचं. नदीच्या घळीत, कड्याच्या मधोमध, रोमन लोकांनी खडक फोडून काढलेला पाट. तो गावाकडे वळतो तिथे डोंगराच्या पोटातून बोगदा आहे. त्यांचं शहर खालच्या माळावर पडलंय. चार खांब, न्हाणीघराची फरशी, आणि उरलेलं सगळं आमच्या घरांच्या भिंतींत. शहर मेलं आणि पाट जगला, याचं कारण सरळ आहे. शहराची डागडुजी कुणी केली नाही, पाटाची आम्ही केली.

बोगद्यातला खडक भेगाळ आहे. पाणी सोडलं की सगळं दरीत गळतं. म्हणून हिवाळा सरताना देवळाची घंटा वाजायची, आणि ज्या ज्या घराच्या धुराड्यातून धूर निघतो त्या घराने एक माणूस पाठवायचा. दिवसभर चिकणमाती लिंपायची, चोपण्याने चोपायची, आणि मग बोगद्याच्या तोंडाशी पांढऱ्या घेवड्याचं कालवण आणि वाइन. न येणाऱ्याला पाणी नाही, आणि देवळाच्या ओसरीतल्या गावसभेत हात वर करायचा हक्कही नाही.

मग जिल्ह्याच्या शहरातून एक कंपनी आली. घळीतून पायवाट, लाकडी कठडा, रोमन बोगद्यातून फेरफटका. फक्त पाट तेवढा कोरडा हवा, पाहुण्यांचे बूट भिजू नयेत म्हणून. गावाला नळाने पाणी देऊ म्हणाले. आमचा सरपंच सेवेरो सभेत असा हरखला, जणू त्याची मुलगी राजवाड्यात दिली होती.

"पाट कुठे पळून जातोय?" तो म्हणाला. "दगडाचाच आहे."

"दगडाचा आहे तुझा मेंदू," वहिनी म्हणाली. "पाट मातीचा आहे."

हात वर झाले. विरोधात दोनच, तिचा आणि माझा. माझा हात शहाणपणाने वर गेला असं कुणी समजू नये. रविवारचं जेवण मला तिच्याकडे असतं.

पुढे जे झालं ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. कंपनीला बोगदा 'मूळ रूपात' हवा होता, म्हणून आमच्याच लोकांनी, आमच्याच फावड्यांनी, आपल्या आज्या-पणज्यांनी चोपलेली माती खरवडून दरीत फेकली. सेवेरो सगळ्यांच्या पुढे. नळ आला खरा, पण त्याची धार म्हणजे म्हाताऱ्याची लघवी. मळे वाळले. घेवडा आम्ही दुकानातून आणू लागलो, पुड्यातला, कुठल्या परदेशातला कोण जाणे. आणि माझ्या बारमध्ये चालायच्या काठ्या टेकवून बसलेले पाहुणे विचारायचे, इथली खास भाजी काय आहे? मी म्हणायचो, धूळ.

या सगळ्यात एकच गोष्ट चांगली झाली, आणि तीच घशात अडकली. वहिनीची मुलगी एस्त्रेया सारागोसाहून परत आली. तिथे चपलांच्या दुकानात उभी राहून राहून तिचे पाय सुजायचे. कंपनीने तिला वाटाड्या म्हणून घेतलं. डोक्यावर दिव्याची टोपी घालून ती पाहुण्यांना बोगद्यातून न्यायची. पोरीला बोलता छान यायचं. संध्याकाळी आईच्या स्वयंपाकघरात बसून ती दिवसभराच्या गमती सांगायची आणि वहिनी पाठ करून भांडी आपटायची. पण पोरीचं ताट वाढल्याशिवाय स्वतः कधी जेवली नाही.

आमच्याकडे जुना कायदा आहे. तीन उन्हाळे कोरडा राहिलेला पाट मेला, त्यावर गावाचा हक्क संपला. तिसरा उन्हाळा सरायच्या आत एकदा जरी पाणी गावापर्यंत आलं, तरी पाट जिवंत, आणि मग ते पाणी अडवायचा अधिकार कुणालाच नाही. हे कंपनीलाही ठाऊक होतं. तिचा करार पाट मेल्यावर पक्का होणार होता, तोवर डागडुजी करणाऱ्याला तिला अडवता येत नव्हतं.

दोन उन्हाळे गेले. हिवाळा सरताना वहिनीने स्वतः देवळात जाऊन घंटा वाजवली. सगळ्या गावाने ऐकली. सगळ्या धुराड्यांतून धूर निघत होता. कुणी आलं नाही. सेवेरोने तर खिडकीची झडप लावून घेतली.

"मेलेत सगळे," वहिनी म्हणाली. "नुसती चूल पेटलीय. भावजी, तुमचं गाढव कुठे आहे?"

माझं गाढव, माझे दुखरे गुडघे, तिचं चोपणं. मी चिकणमाती वाहायची आणि तिने लिंपायची. ती शिव्यांच्या ठेक्यावर चोपायची. एक ठोका सेवेरोला, एक कंपनीला, एक घरात लपलेल्या गावाला. थंडीने तिची बोटं फुटली होती. मी म्हटलं, "वहिनी, जरा बसा." ती म्हणाली, "बसायला तुमचा बार आहे. तिकडे जा."

अशाच एका सकाळी एस्त्रेया पाहुण्यांचा घोळका घेऊन आत आली. घोळक्यात कंपनीचा साहेब होता, कामकाज पाहायला आलेला. दिव्याच्या झोतात वहिनी दिसली, गुडघ्यांवर बसलेली, कोपरापर्यंत चिखलात. साहेबाच्या कपाळाला आठी पडली. एस्त्रेयाने आईकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"आणि इथे तुम्हाला पूर्वीच्या काळातली बाई दिसते आहे. जुने लोक हा पाट कसा राखायचे, ते करून दाखवते आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने फोटो काढला. साहेबाची आठी गेली आणि तो हसून म्हणाला, "वा! रोमन पोशाख दिला तर अजून छान दिसेल." माझ्या हातातली मातीची पाटी त्याच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. घातली नाही, याचा राग अजून आहे.

वहिनी उठली. सावकाश, कंबर धरून.

"पूर्वीच्या काळातली का?" ती म्हणाली. "मग माझ्या थडग्यावर फुलं कधी वाहिलीस गं?"

"आई, लोकांसमोर नको."

"लोकांसमोरच. टाळ्या त्यांनीच वाजवल्या ना? काल रात्री सूप कुणी दिलं तुला? रोमन बाईने? तुझ्या लोकरीच्या मोज्याला टाचेत ठिगळ कुणी लावलं?"

साहेब फोनमध्ये बघू लागला. एस्त्रेयाने डोक्यावरची टोपी काढली, आणि मला कळलं की ही तिच्याच आईची मुलगी आहे.

"तू इथे चोपत बस," ती ओरडली. "पाणी आलं की बोगदा बंद. बोगदा बंद की मी परत त्या दुकानात. एवढं तरी कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग?"

"पहिल्या दिवसापासून कळतंय," वहिनी म्हणाली, खाली बसली आणि तिने चोपणं उचललं.

एस्त्रेया घोळक्याला घेऊन बाहेर गेली. त्या दिवसापासून दोघी एका टेबलावर जेवत होत्या आणि एकमेकींना मीठसुद्धा मागत नव्हत्या.

डोंगरावर बदाम फुलून गेल्यावर वहिनीने पाटाच्या वरच्या तोंडाशी पाणी अडवणारी फळी उचलली. मग आम्ही दोघे बोगद्याच्या खालच्या तोंडाशी येऊन थांबलो. आधी नुसता गार वारा आला, मग गढूळ पाणी, पालापाचोळा ढकलत. भेगांतून थोडं पाझरलं, पण पाट गळला नाही. पाणी मळ्यांत शिरलं तेव्हा गावाची सगळी दारं उघडली. घंटेला न आलेले सगळे फावडी घेऊन धावले, आणि पहिली पाळी कुणाची यावरून भांडू लागले. सेवेरो पुढेच होता. वहिनीने त्याचं फावडं हिसकावून पाटात फेकलं. "शेवटी उभा राहा, निर्लज्जा! माझ्यानंतर, माझ्या गाढवानंतर!" गाढव माझं होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

कंपनीने कठडे उचलले. त्याच आठवड्यात एस्त्रेया बसने गेली. वहिनी थांब्यावर आली नाही. ती मळ्यात घेवडा पेरत होती, आणि बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिने मान वर केली नाही. मी पाहत होतो. एकाच जागी ती दाण्यावर दाणा टाकत होती.

पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी घंटा सेवेरोनेच वाजवली. सगळे आले. काम झालं, बोगद्याच्या तोंडाशी मोठं पातेलं चढलं. घेवडा वहिनीच्या मळ्यातला. गाव खुशीत होतं, जणू पाट सगळ्यांनी मिळून वाचवला. वाइन फिरत होती. सेवेरोने पहिला घास खाल्ला, डोळे मिटले, आणि मोठ्या मनाने म्हणाला, "झकास झालाय, एतेल्विना. मीठ तेवढं जरा कमी आहे."

वहिनीने पळी पातेल्यात ठेवली.

"या घेवड्यासाठी मी माझी पोर घालवली आहे, सेवेरो," ती म्हणाली. "मीठ कमी वाटत असेल तर आपल्या ताटात रड. तुम्ही सगळेच रडा. माझ्याकडचं संपलंय."